कानाचे शारीर व तंत्रिकापुरवठा : इतिहास

ऐकणे आणि शरीराचा तोल सांभाळणे अशी दोन कार्ये करणारे इंद्रिय म्हणजे कान. व्यवहारात ज्याला कान म्हणतात तो त्याचा केवळ बाहेरचा भाग होय. खरे इंद्रिय कवटीच्या शंखास्थीत दडलेले असून त्या अस्थीचा अश्मसदृश भाग मानवी शरीरातील अत्यंत कठीण अस्थींपैकी एक आहे. कानाच्या ज्ञानाचा इतिहास मंद गतीने का घडला याचे मुख्य कारण या काठिण्यात आहे. डोळा सुरीने उघडता येतो, हृदय हाताने बाहेर काढता येते. कान पाहावयाचा तर छिन्नी व कानस हाती घ्यावी लागते, आणि चुकीचा एक घाव ज्याचा शोध घ्यावयाचा त्याच रचनेचा चुरा करतो. अस्थी मऊ करण्याच्या रासायनिक पद्धती व सूक्ष्मदर्शक ही साधने हाती येईपर्यंत अंतर्कर्णाविषयी जे लिहिले गेले त्यात निरीक्षण थोडे व तर्क फार, असे दिसते.

प्राचीन भारतीय वैद्यक : सुश्रुतसंहितेत शवच्छेदनाची जी पद्धत सांगितली आहे तीत प्रेत गवत, साल इत्यादींनी वेष्टून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे व कुजून सैल झाल्यावर वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर पाहावा, असे सांगितले आहे. या पद्धतीने त्वचा, मांस, सांधे व अस्थी यांचे चांगले ज्ञान होते. पण अस्थीच्या पोटात काय आहे ते कळत नाही. त्यामुळे सुश्रुतांचे कर्णज्ञान बाह्यकर्णापुरते विलक्षण अचूक, तर आतील भागाविषयी जवळजवळ मूक आहे. नाक, कान, मान व नेत्रकोश येथील अस्थींना त्यांनी ‘तरुण’ अस्थी म्हटले. आजच्या परिभाषेत ही उपास्थी (कूर्चा) होय. कानाच्या मागे व खाली असलेल्या ‘विधुर’ या मर्माला इजा झाल्यास बहिरेपण येते, अशीही नोंद त्यांनी केली. कानाचे २८ रोग उत्तरतंत्रात वर्णिले असून त्यांत कर्णशूल, कर्णनाद, कर्णस्राव व बाधिर्य ही आजही ओळखू येणारी लक्षणे आहेत.

सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय संपूर्णपणे कान टोचणे व फाटलेली पाळी सांधणे यांना वाहिलेला आहे. मूल सहाव्या किंवा सातव्या महिन्याचे असताना, पाळी उजेडात धरून जेथून सूर्यकिरण आरपार दिसतील अशा जागी टोचावे, असा त्यातील नियम आहे. पाळीतील रक्तवाहिन्या टाळण्याची ही साधी व पक्की युक्ती होय. जागा चुकली तर कालिका, मर्मरिका व लोहितिका या तीन सिरांना इजा होऊन ताप, सूज, मान ताठणे इ. उपद्रव होतात, असे सांगितले आहे. काही आधुनिक भाष्यकारांनी या तीन नावांची सांगड तंत्रिकांच्या विशिष्ट शाखांशी घातली आहे. परंतु मूळ वर्णन इतक्या बारीक अर्थाचा भार सोसणारे नाही. सुश्रुतांच्या काळी तंत्रिका ही रक्तवाहिनीहून वेगळी रचना म्हणून ओळखली गेलेली नव्हती. शब्दाचे ज्ञान दोन धमन्यांच्या द्वारे होते, हे त्यांचे विधान तंत्रिकेच्या कल्पनेच्या जवळ जाते एवढेच म्हणता येईल. येथे वाचकाने परिभाषेतील एक खाचखळगाही लक्षात ठेवावा : आयुर्वेदातील ‘स्नायू’ म्हणजे बंध किंवा कंडरा, तर आजच्या मराठीतील स्नायू म्हणजे मांसपेशी. तंत्रिकेला त्या ग्रंथांत स्वतंत्र शब्दच नाही.

पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार त्याच अध्यायात आहेत (उदा., नेमिसंधानक, उत्पलभेद्यक, वल्लूरक, गंडकर्ण). ज्याला पाळी उरलेलीच नाही त्याच्या गालाचे मांस एका बाजूने जोडलेले ठेवून उचलावे व त्याची पाळी घडवावी, असा विधी सांगितला आहे. कलम जिवंत राहण्यासाठी त्याचा मूळ शरीराशी संबंध टिकला पाहिजे, हे तत्त्व यात स्पष्ट आहे. या परंपरेचा एक धागा पुणे परिसरात अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसतो. इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचे नाक व हात १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याचे नाक घडविले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, तिचा वृत्तांत लंडनच्या एका नियतकालिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. सुश्रुतसंहिता न वाचलेल्या कारागिराच्या हाती ही विद्या कोणत्या वाटेने आली, हा प्रश्न ग्रंथांपेक्षा घराण्यांच्या इतिहासाचा आहे.

महाराष्ट्रात कान टोचण्याचे काम परंपरेने सोनाराचे. मऊ पाळीत उपास्थी नसल्याने तेथील भोक सहसा बिनतक्रार भरून येते. पुरुषांची भिकबाळी मात्र कानाच्या वरच्या भागात, म्हणजे उपास्थीतून, घातली जाते. उपास्थीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; तिचे पोषण तिच्यावरील पातळ आवरणातून होते. तेथे पू झाला की आवरण उपास्थीपासून सुटते, ती मरते व कान चुरगळल्यासारखा होऊन कायमचा विद्रूप होतो. भिकबाळीची प्रथा अलीकडे तरुणांत पुन्हा रूढ झाल्याने हा धोका सांगणे अस्थानी होणार नाही.

ग्रीक व रोमन काळ : शेळ्या कानांनी श्वास घेतात, असे अल्कमीऑन (इ. स. पू. पाचवे शतक) यांचे मत असल्याची नोंद ॲरिस्टॉटल यांनी केली आणि ते खोडूनही काढले. कान व घसा यांना जोडणारी वाट कोणीतरी प्राण्यात पाहिली असावी, असा यावरून तर्क करतात. कानाच्या आत जन्मतःच कोंडलेली शुद्ध हवा असते व तीच नाद ग्रहण करते, ही ॲरिस्टॉटल-परंपरेतील कल्पना जवळजवळ दोन हजार वर्षे टिकली. गेलेन (१२९–सु. २१६) यांनी अंतर्कर्णाला चक्रव्यूह या अर्थाचे नाव दिले. त्यांनी मेंदूतून निघणाऱ्या तंत्रिकांच्या सात जोड्या मानल्या व चेहऱ्याची आणि श्रवणाची अशा दोन्ही तंत्रिका पाचव्या जोडीत एकत्र घातल्या. ही गल्लत समजण्यासारखी आहे, कारण दोन्ही तंत्रिका शंखास्थीच्या एकाच छिद्रात बरोबरीने शिरतात.

सोळावे शतक : मध्यकर्णाचे खरे ज्ञान इटलीतील विद्यापीठांत झाले. आंद्रेआस व्हेसेलियस (१५१४–६४) यांनी १५४३ च्या आपल्या महाग्रंथात दोन कर्णास्थींचे वर्णन करून त्यांची तुलना हातोडी व ऐरण यांच्याशी केली. तिसरी अस्थी जोव्हान्नी फिलिप्पो इन्ग्रास्या यांना १५४६ मध्ये नेपल्स येथे कवटी तयार करताना मिळाली. आकारावरून तिला रिकीब हे नाव पडले. शरीरातील ही सर्वांत लहान अस्थी असून तिची उंची सु. ३ मिमी. असते. तिच्या शोधाचा मान आपला असे इतर दोघांनीही म्हटले. पण गाब्रिएले फाल्लोप्यो (१५२३–६२) यांनी तो निःसंकोचपणे इन्ग्रास्यांना दिला. शारीरविज्ञांच्या त्या भांडखोर शतकात हा मोठेपणा दुर्मिळच. ही तिन्ही नावे मराठीत आली तेव्हा त्यांना प्रतिशब्द घडवावे लागले नाहीत. लोहाराचा भाता आणि घोड्याचा खोगीर ठाऊक असलेल्या मावळ मुलखाला हातोडी, ऐरण व रिकीब हे शब्द घरचेच होते.

बार्तोलोमेओ एउस्ताक्यो यांनी १५६२ मध्ये श्रवणेंद्रियावर लिहिलेल्या व १५६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात मध्यकर्ण व घसा यांना जोडणाऱ्या नलिकेचे नीट वर्णन केले. तिला त्यांचेच नाव मिळाले. ही नलिका एरव्ही मिटलेली असते व गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब समान राहतो. भोरहून वरंधा घाटाने महाडकडे उतरणाऱ्याला तिचे कार्य शिकवावे लागत नाही. घाटमाथ्यावर मध्यकर्णात विरळ हवा भरलेली असते. वेगाने खाली उतरताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि कानांना दडे बसतात. आवंढा गिळला की ‘टक्’ असा आवाज होऊन ते उघडतात. पडसे झाले असता नलिकेचे तोंड सुजते व दडे सुटत नाहीत. मुलांमध्ये ही नलिका आखूड, रुंद व जवळजवळ आडवी असल्याने घशातील जंतू तिच्यावाटे सहज वर जातात. लहान मुलांचे कान वारंवार का फुटतात याचे उत्तर बव्हंशी येथेच आहे. असे असूनही फुटलेल्या कानात गरम तेल घालण्याचा घरगुती उपाय अनेक ठिकाणी चालू आहे. पडद्याला छिद्र असताना घातलेले तेल थेट मध्यकर्णात जाते आणि संसर्गाला खतपाणी मिळते.

फाल्लोप्यो यांच्या १५६१ च्या ग्रंथात आनन तंत्रिकेचा अस्थिमय मार्ग वर्णिलेला आहे. चेहऱ्याचे स्नायू हलविणारी ही तंत्रिका अंतर्कर्णाजवळून शिरून मध्यकर्णाच्या भिंतीतील अरुंद कालव्यातून वळणे घेत कानामागे बाहेर पडते. वाटेत ती रिकीबीला जोडलेल्या इवल्याशा स्नायूला शाखा देते व जिभेच्या पुढच्या दोनतृतीयांश भागातील चव आणणारी एक बारीक तंत्रिका तिला मिळते. ही चवीची तंत्रिका तर पडद्यामागून, हातोडी व ऐरण यांच्यामधून, उघडीच जाते. कान वर्षानुवर्षे वाहत राहिल्यास कालव्याची पातळ भिंत झिजते आणि एके सकाळी रोग्याचे तोंड वाकडे होते. ‘वारे लागले’ म्हणून अशा रोग्याला मालिश करीत बसल्याने मोलाचा काळ वाया जातो. वाहणारा कान व वाकडे तोंड ही जोडी तातडीच्या शस्त्रक्रियेची सूचना असते.

सतराव्या व अठराव्या शतकांतील प्रगती : टॉमस विलिस (१६२१–७५) यांनी १६६४ मध्ये मेंदूच्या शारीरावरील ग्रंथात श्रवण व आनन तंत्रिका एकाच सातव्या जोडीत ठेवल्या, पण त्यांचे ‘मृदू’ व ‘कठीण’ असे दोन भाग केले. त्यांनीच १६७२ मध्ये एका बहिऱ्या स्त्रीची हकिकत दिली आहे. जवळ नगारा वाजत असेल तेव्हाच तिला बोलणे ऐकू येई, म्हणून तिच्या नवऱ्याने नगारा वाजविणारा नोकर ठेवला होता. ही कथा थट्टेची नव्हे. रिकीब जखडल्यामुळे आलेल्या बहिरेपणात गोंगाटाचा अडथळा रोग्याला फारसा जाणवत नाही आणि गोंगाटात बोलणारा आपोआप आवाज चढवतो; म्हणून त्याला तेथे अधिक चांगले ऐकू येते. आजही रोग्याने ‘एसटीत मला नीट ऐकू येते’ असे सांगितले की जाणता तज्ज्ञ रिकीबीचा संशय घेतो.

आंतोन्यो मारीआ व्हालसाल्व्हा (१६६६–१७२३) यांनी १७०४ मध्ये कानाचे बाह्य, मध्य व आंतर असे विभाग रूढ केले. नाक-तोंड मिटून जोराने हवा कानांत ढकलण्याच्या क्रियेला त्यांचे नाव आहे. दोमेनीको कोतून्यो यांनी १७६० च्या सुमारास ताज्या शवांत अंतर्कर्ण द्रवाने भरलेला असल्याचे दाखवून ‘कोंडलेल्या हवे’ची कल्पना अखेर निकालात काढली. आंतोन्यो स्कार्पा यांनी १७८९ मध्ये अस्थीच्या आतील पटलमय पोकळ्या व संतुलन तंत्रिकेची गुच्छिका यांचे वर्णन केले. त्यापूर्वी १७७८ मध्ये झाम्यूएल टोमास झ्यूमरिंग या तेवीस वर्षांच्या जर्मन शारीरविज्ञाने मस्तिष्क-तंत्रिकांच्या बारा जोड्या ठरविल्या होत्या. आनन तंत्रिका सातवी व श्रवण तंत्रिका आठवी, हे आजचे क्रमांक त्यांचेच. गेलेन यांनी बांधलेली गाठ सुटावयास सोळाशे वर्षे लागली.

बाह्यकर्णाच्या संवेदी तंत्रिका : श्रवणाशी संबंध नसल्याने या विषयाकडे दुर्लक्ष होते, परंतु व्यवहारात त्याचे महत्त्व फार आहे. वितीएवढ्या जागेलाही न पुरणाऱ्या या अवयवाला किती ठिकाणांहून तंत्रिका येतात हे पाहण्यासारखे आहे. पाळी व कानाचा बराचसा भाग मानेतील दुसऱ्या व तिसऱ्या मेरुतंत्रिकांच्या शाखांकडे. पुढील वरचा भाग व कर्णनलिकेची पुढची भिंत पाचव्या म्हणजे त्रिमूल तंत्रिकेकडे. नलिकेची मागची भिंत व पडद्याचा काही भाग दहाव्या म्हणजे प्राणेशा तंत्रिकेच्या शाखेकडे. आणि मध्यकर्णाचे आतील अस्तर नवव्या, जिव्हा-ग्रसनी तंत्रिकेकडे. नवव्या तंत्रिकेच्या या शाखेचे वर्णन लूट्व्हिग याकॉबसन यांनी १८१८ मध्ये केले, तर प्राणेशेच्या कर्णशाखेला फ्रीड्रिख आर्नोल्ट (१८०३–९०) यांचे नाव आहे. कानात काडी घातली की काहींना ठसका लागतो, तो आर्नोल्ट यांच्या तंत्रिकेमुळे. घसा व स्वरयंत्र यांची संवेदनाही प्राणेशाच वाहून नेते.

एकाच तंत्रिकेच्या दोन शाखांतील वेदनांची मेंदूत अदलाबदल होते. किडलेली दाढ, सुजलेले गिलायू किंवा घशातील व्रण कानात ठणकतो. म्हणून तंबाखू खाणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या प्रौढ व्यक्तीचा एकच कान सतत दुखत असेल आणि कान तपासणीत निर्दोष आढळला, तर जिभेचे मूळ, घसा व स्वरयंत्र पाहिल्यावाचून तिला घरी पाठवू नये. घशाच्या कर्करोगाची ती पहिली तक्रार असू शकते, आणि गावात कानात थेंब घालण्यात गेलेले तीन महिने नंतर भरून काढता येत नाहीत.

अंतर्कर्णाचे कार्य : अर्धवर्तुळाकार नलिकांचा संबंध ऐकण्याशी नसून तोलाशी आहे, हे प्येअर फ्लूरांस यांनी १८२४ मध्ये सुरू केलेल्या कबुतरांवरील प्रयोगांतून दिसून आले. जी नलिका कापावी तिच्याच पातळीत कबुतराचे डोके हले. ऐकणे शाबूत राही. चक्कर, कर्णनाद व बहिरेपण ही त्रयी मेंदूच्या विकाराची नसून अंतर्कर्णाची असते, असे प्रॉस्पर मेन्येर यांनी १८६१ मध्ये प्रतिपादन केले. आल्फोन्सो कोर्ती (१८२२–७६) यांनी १८५१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली अडीच वेढ्यांच्या कर्णशंबुकातील ग्राहक अंगाचे वर्णन केले. या अंगात आतील रोमकोशिकांची एक रांग (सु. ३,५००) व बाहेरील कोशिकांच्या तीन रांगा (सु. १२,०००) असतात. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८६३ मध्ये शंबुकाची तुलना तारवाद्याशी केली : प्रत्येक स्वराला वेगळी तार. गेओर्ख फोन बेकेशी (१८९९–१९७२) यांनी शवांच्या कानांत प्रत्यक्ष पाहून तारांऐवजी पटलावरून धावणारी लाट दाखविली. तिचा माथा उंच स्वरांना पायथ्याशी व खालच्या स्वरांना शेंड्याशी येतो. त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत कान मात्र त्यांच्या शवांपेक्षा कितीतरी तीक्ष्ण होता. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये कान स्वतःच सूक्ष्म ध्वनी बाहेर टाकतो हे सिद्ध केले आणि १९८५ मध्ये बाहेरील रोमकोशिका आकुंचन-प्रसरण पावून लाटेला जोर देतात असे आढळले.

तंत्रिकेचे वाटप याहून आश्चर्यकारक आहे. श्रवण तंत्रिकेत सु. ३०,००० तंतू असतात. बाहेरील कोशिका संख्येने तिप्पटीहून अधिक असल्या, तरी मेंदूकडे वार्ता नेणाऱ्या तंतूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त आतील एका रांगेकडूनच निघतात. बाहेरील कोशिकांकडे उलट मेंदूकडून आज्ञा येतात. ही मेंदूकडून कानाकडे येणारी वाट ग्रँट रासमुसेन यांनी १९४६ मध्ये वर्णिली. सारांश, कान केवळ ऐकत नाही; काय ऐकावे याबाबत मेंदू त्याला सतत सूचना देत असतो.

मोठ्या आवाजाने प्रथम या बाहेरील कोशिकाच बळी पडतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. रिकीबीचा स्नायू आकुंचन पावून थोडे संरक्षण देतो. पण त्याला सु. दशांश सेकंद लागतो व तो मुख्यतः खालच्या स्वरांनाच अडवतो. फटाक्यापुढे तो निरुपयोगी ठरतो. भोर, वेल्हे, मुळशी या मावळ पट्ट्यात ढोल-लेझीम ही गावोगावची जुनी व अभिमानाची कला आहे. पूर्वी ती यात्रा व सण यांपुरती आणि मोकळ्या माळावर असे. आता शहरातील इमारतींच्या भिंतींमध्ये अनेक ढोल तासन्‌तास वाजतात व शेजारी ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या असतात. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षिततेची सर्वसाधारण मर्यादा मानली जाते आणि दर ३ डेसिबलना सुरक्षित अवधी निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. भारतातील २००० च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. कानठळ्या बसून दुसऱ्या दिवशी ऐकू येऊ लागले म्हणजे कान सुधारला, असा समज आहे. प्राण्यांवरील अलीकडच्या संशोधनात, श्रवण पूर्ववत झाल्यावरही कोशिका व तंतू यांतील जोडण्या कायमच्या तुटलेल्या आढळल्या आहेत.

महाराष्ट्रातील अध्यापन व सेवा : मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर शवच्छेदनावर आधारित शारीराचे पद्धतशीर शिक्षण येथे रुजले. पुण्यात १८७८ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली; पुढे बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेला १९४६ मध्ये महाविद्यालयाचे रूप मिळाले. बेवारस शवे अध्यापनासाठी मिळावीत म्हणून मुंबई राज्याने १९४९ मध्ये शारीर अधिनियम केला. सुश्रुतसंहितेची यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली आवृत्ती मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने छापल्यामुळे दोन्ही परंपरा एकाच शहरात शेजारी नांदल्या. त्यांची एकमेकींशी गाठ मात्र क्वचितच पडली. बहिऱ्या मुलांसाठी मुंबईत १८८५ मध्ये शाळा स्थापन झाली आणि श्रवणदोषांवरील राष्ट्रीय संस्था वांद्रे येथे १९८३ मध्ये उभी राहिली.

शल्यचिकित्सेत जॉन शी यांनी १९५६ मध्ये जखडलेली रिकीब काढून तेथे कृत्रिम अस्थी बसविली. विलिस यांच्या नगाऱ्यावाल्या रुग्णेला ज्याची गरज होती तो उपचार असा सुमारे तीनशे वर्षांनी मिळाला. रोमकोशिका नष्ट झालेल्या कानात श्रवण तंत्रिकेला थेट विद्युत्‌ उत्तेजन देण्याचा पहिला प्रयोग पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो व शार्ल एरियेस यांनी १९५७ मध्ये केला. त्यातून विकसित झालेले शंबुक-रोपण जन्मतः बहिऱ्या मुलांना बोली शिकण्याची संधी देते. परंतु मेंदूतील श्रवणमार्ग पहिल्या काही वर्षांतच घडत असल्याने निदान लवकर होणे निर्णायक ठरते. केम्प यांनी शोधलेल्या ध्वनीवर आधारलेली नवजात अर्भकाची चाचणी काही मिनिटांत, झोपेतच होते. वेल्ह्याच्या डोंगरवाडीतील मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही म्हणून शहरात आणले जाते, तेव्हा सर्वांत मोलाचा काळ उलटत आलेला असतो. ज्यांची श्रवण तंत्रिकाच गाठींमुळे नष्ट होते त्यांच्यासाठी विल्यम हाउस व विल्यम हिट्सेलबर्गर यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रोड थेट मस्तिष्क-स्तंभातील श्रवण केंद्रकावर बसविला.